'विद्येविना मति गेली': कविता की सुविचार?

बोरूबहाद्दर: काल इथं कुणीतरी ठोकून दिलं, की महात्मा फुल्यांच्या त्या सहा ओळींत ('विद्येविना मति गेली, मतिविना नीति गेली, नीतिविना गति गेली, गतिविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले') 'काव्य नाही, नुसती वजाबाकी आहे'. रात्रभर डोक्यात किडा वळवळला. अहो, मति, नीति, गति, तिघींना एकच शेपूट, तिन्ही 'गेली'. कान त्या ठेक्याला सरावतो आणि चौथ्या ओळीत वित्त येतं, 'गेले'. ठेका मोडतो तो नेमका पैसा जातो तिथं! पाचवीत तर जाणंही नाही, शूद्र 'खचले'. हा भिंतीचा, विहिरीचा शब्द. आणि शेवटी 'अनर्थ', अर्थ गेल्यानंतरचा.

काव्यशास्त्रविनोद: याला कारणमाला म्हणतात, एकातून दुसरं निघत जाणारा अलंकार, जुन्या संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानं सांगून ठेवलीय. गीतेत 'क्रोधाद्भवति संमोहः' पाहा, बुद्धिनाशापर्यंत हीच उतरंड. नवीन काय?

बोरूबहाद्दर: गीतेतला माणूस स्वतःच्या क्रोधानं बुडतो. 'विद्या ददाति विनयम्' पाठ असेलच. तो विद्येपासून धनापर्यंतचा जिना, फुल्यांनी पायरीवरच अडवलेल्याच्या बाजूनं पाहिला. तुमची अविद्या ब्रह्म न कळल्याची, ही शाळा न मिळाल्याची.

मास्तरीणबाई: मति ऱ्हस्व का? १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनुसार 'मती'.

रानफणस: या ओळी ज्यात आहेत तो 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. फुल्यांनी ७९ वर्षं थांबायचं होतं का?

मास्तरीणबाई: टिंगल नको. ह्याच शब्दावर वह्यांत किती लाल शाई ओतलीय! भिंतीवर चुकीचं असलं की पोरं तेच गिरवतात.

रानफणस: भिंतीचं बोलूच नका. आमच्या शाळेत पेंटरनं पाचवी ओळच गाळली होती. गुरुजी म्हणाले, जागा पुरली नाही. खाली देणगीदार मात्र सगळे मावले होते.

काव्यशास्त्रविनोद: आला विषय जातीवर!

रानफणस: 'शूद्र' ओळीतच आहे, मी खिशातून नाही आणला. आणि वजाबाकी म्हणणाऱ्यांनो, माझ्या आजीनं न वाचता अंगठा दिला नि दोन एकर गेले. चौथीत मी तिला हे म्हणून दाखवलं. तिनं विचारलं, "वित्त म्हंजी?" पैसा, म्हटलं. "मंग उलटं हाय. आमचा आदी पैका गेला, मंग तुझ्या बापाची साळा."

बोरूबहाद्दर: हे मला सुचलं नव्हतं. म्हणजे साखळी नाही, रहाटच. पण फुल्यांनी शेवटी बोट एका अविद्येवरच ठेवलंय, आजींशी तिथं माझं जमणार नाही.

काव्यशास्त्रविनोद: बरं बाबा, कविता आहे. मम्मटाला कळवतो.

मास्तरीणबाई: कळवताना मती दीर्घ लिहा.