दाजीपूरला पोराला न्यावं का?
'दोन वर्षांच्या लेकीला घेऊन दाजीपूरला जावं का' या प्रश्नावर इथं बहुतेकांनी 'जरा मोठी होऊ दे' असं म्हटलंय. मला नाही पटत. बिनधास्त न्या, फक्त गवा दिसलाच पाहिजे हा हट्ट कोल्हापुरातच ठेवून जा. दाजीपूरचं जंगल ज्यात येतं ते राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं आहे, तो काय आपल्यासाठी रस्त्यात उभा राहणार? आणि दिसला तरी पोरांना त्याचं काय! आमच्या पुतण्यानं "म्हैऽऽस!" अशी हाळी दिली की गवा झाडीत पसार. मागच्या जीपमधल्या मोठ्या लेन्सवाल्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. शेकरू मात्र त्याला भलतंच आवडलं, फांदीवरून लोंबणारी ती झुपकेदार शेपटी बघून पठ्ठ्या चक्क गप्प बसला.

बाकी रस्ता कच्चा, जीप हाडं खिळखिळी करते. पोटभर दूध पाजून लगेच बसवू नका, उलटी ठरलेली. हिवाळ्यात पहाटे जाणार असाल तर कानटोपी हवीच. पावसाळ्यात अभयारण्य बंदच असतं, आणि बरंच आहे ते, जळवा काढत कोण बसणार? आत झोपली तर झोपू दे तिला, 'बघ बघ' करून उठवू नका. रडायला लागली की कुणालाच काही दिसणार नाही.