‘उत्क्रांती’ म्हणजे वर चढणं का?

प्रश्न
दहावीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ असा धडा आहे. ‘उत्’ म्हणजे वर, ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणं. मग उत्क्रांती म्हणजे पायरी पायरीने वर जाणंच ना? डार्विनला हेच म्हणायचं होतं? आणि ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ला ‘बळी तो कान पिळी’ म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद
शेवटचं आधी. नाही चालणार. ‘फिट’ म्हणजे बलवान नव्हे, त्या त्या परिस्थितीला जुळणारा. पट्टकृमीला ना तोंड, ना आतडं. तरी दुसऱ्याच्या पोटात तो मजेत जगतो आणि भरपूर अंडी घालतो. कान कुठला पिळणार तो! शिवाय ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ हा शब्दप्रयोग डार्विनचा नाहीच, इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरचा आहे, 1864 सालचा.

तो डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या पुस्तकात शिरला त्यामागे शब्दचर्चाच आहे. 1866 मध्ये वॉलेसने डार्विनला पत्र लिहिलं: ‘नैसर्गिक निवड’ (परिस्थितीला जुळणारे जीव तगतात, त्यांची पिल्लं जास्त होतात, यासाठी डार्विनचा शब्द) म्हटलं की लोकांना निवडणारा कुणीतरी बसलेला दिसतो, त्याऐवजी स्पेन्सरचे शब्द घ्या. हा वॉलेस म्हणजे 1858 साली स्वतंत्रपणे त्याच सिद्धांताशी पोचलेला माणूस, तेव्हा त्याला बोलायचा हक्क होता. डार्विनने 1869 च्या पाचव्या आवृत्तीत ते शब्द घेतले, पण ‘निवड’ सोडली नाही. कबुतरं पाळणारे हवी ती जोडी निवडून नवे प्रकार तयार करतात, त्यावरूनच तर त्याने तो शब्द उचलला होता. माझ्या मते वॉलेसची शंका रास्त होती, पण त्याचा उपाय जास्त महागात पडला, कारण ‘फिटेस्ट’ म्हटलं की लोकांना ‘बलवान’च ऐकू येतं.

मराठीत मात्र ‘निवडणं’ला एक वेगळी छटा आहे. तांदूळ निवडताना आपण चांगला दाणा शोधत नाही, खडे काढतो. निसर्गात बरंचसं असंच चालतं. फक्त ताटापाशी कुणी बसलेलं नसतं.

प्रतिसाद
‘उत्क्रांती’बद्दल: इंग्रजी ‘इव्होल्यूशन’ही काही निर्दोष नाही. मूळ लॅटिन अर्थ गुंडाळी उलगडणं. अठराव्या शतकात काही गर्भशास्त्रज्ञ तो शब्द वापरत, कारण गर्भात जीव आधीच घडलेला असतो आणि नुसता उलगडतो असं ते मानत. म्हणजे सगळं आधीच ठरलेलं. डार्विनला नेमकं हेच नको होतं. 1859 च्या पहिल्या आवृत्तीत ‘इव्होल्यूशन’ सापडत नाही. ‘इव्हॉल्व्ह्ड’ हा पुस्तकाचा अगदी शेवटचा शब्द, तेवढाच. तो म्हणायचा ‘डिसेंट विथ मॉडिफिकेशन’, बदल होत होत चाललेला वंश. 1872 च्या सहाव्या आवृत्तीत मात्र ‘इव्होल्यूशन’ आलं, तोवर लोकांच्या तोंडी ते बसलं होतं.

प्रतिसाद
वेदान्तात उत्क्रांती म्हणजे जीवाने देह सोडून जाणं! तिथून थेट दहावीच्या धड्यात. असो. हिंदीतला ‘विकास’ तर आणखी गोंधळाचा, त्यात प्रगती ठासून भरलेली. ‘उत्क्रांती’ रुळलाय, राहू द्यावा.

प्रतिसाद
सहमत. नामापेक्षा क्रियापद सांभाळा. ‘जिराफाने मान ताणून लांब केली’ हे डार्विनच्या आधीच्या, 1809 च्या लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाचं वाक्य झालं. ‘ज्यांची मान लांब होती ते जिराफ तगले, त्यांची पिल्लं जास्त झाली’ हे डार्विनचं. ‘तगणं’ हा किती नेमका शब्द आपल्याकडे पडून आहे, वापरा की.