घरचा फाइल सर्व्हर: दुसरी डिस्क मिररला द्यावी की बॅकअपला?

जुनाखोका (धागाकर्ता)

जुन्या डेस्कटॉपचा फाइल सर्व्हर केला त्याला चार वर्षं झाली. चार सॅटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा), ८ जीबी मेमरी, वर लिनक्स. सुरुवातीला मीही सगळ्यांसारखं रेड १, म्हणजे मिरर लावलं: दोन डिस्कवर एकच मजकूर. निर्धास्त झालो. मग एका रात्री जागा मोकळी करताना चुकीच्या फोल्डरवर आज्ञा चालवली आणि सहा वर्षांचे फोटो मिनिटभरात साफ. दोन्ही डिस्कवरून, अर्थातच. आरसाच तो, समोर जे असेल तेच दाखवणार.

थोडेफार फोटो जुन्या लॅपटॉपवर सापडले. त्यानंतर मिरर मोडला. आता दुसऱ्या डिस्कवर रोज रात्री आरसिंक या फायली कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने तारीखवार प्रत जाते. न बदललेल्या फायलींना नुसती हार्डलिंक (नवी प्रत नाही, त्याच फाइलला आणखी एक नाव), त्यामुळे जागाही फारशी लागत नाही. माझं मत: खिशाला परवडेल असा दोन डिस्कचा सर्व्हर करायचा तर रेडच्या नादी लागू नका. रेड आहे ते डिस्क मेली तरी काम चालू राहावं म्हणून. घरात एक संध्याकाळ सर्व्हर बंद राहिला तर कुणाचं काय अडतंय?

पॅरिटीपंत

असहमत. चूक तुमच्या हातची आणि शिक्षा मिररला! झेडएफएस या फाइल सिस्टिमचा मिरर असता आणि तासातासाला स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या फायलींची गोठवलेली स्थिती) असता, तर तेच फोटो एका आज्ञेत परत आले असते.

शिवाय तुमची आरसिंकची प्रत डोळे झाकून घेतलेली आहे. डिस्कवर एखादा फोटो गुपचूप सडला (म्हणजे त्यातला डेटा आपोआप बिघडला), तर सडकाच बॅकअपला जाणार.

जुनाखोका

नाही जात. आरसिंक मुळात फाइलचा आकार आणि बदलाची वेळ बघतं. सडण्याने यातलं काहीच बदलत नाही, म्हणून ती फाइल पुन्हा उचललीच जात नाही. बॅकअपमधली चांगली प्रत तशीच राहते.

पॅरिटीपंत

मान्य, ते मी घाईत लिहिलं. पण मग दोन प्रतींमधली खरी कुठली, हे तुम्हाला कोण सांगणार? झेडएफएस प्रत्येक ब्लॉकचा, म्हणजे डेटाच्या तुकड्याचा, चेकसम (पडताळणीचा आकडा) ठेवतं. स्क्रबमध्ये (सगळा डेटा वाचून होणाऱ्या तपासणीत) जुळला नाही तर दुसऱ्या डिस्कवरून दुरुस्त करतं. आणि तुमच्या हार्डलिंकांची गंमत बघा: तीनशे तारखांचे फोल्डर दिसतात, पण न बदललेला फोटो डिस्कवर एकदाच आहे. तो ब्लॉक गेला की तीनशेच्या तीनशे तारखा गेल्या.

जुनाखोका

हा मुद्दा लागला. याचा विचार केला नव्हता.

सावकाशराव

माझा अनुभव तिसराच. मिरर होता, स्क्रबही लावला होता. फक्त बिघाडाचा ईमेल यायची सोय केली नव्हती. एक डिस्क सात महिने मेलेली होती आणि मी मित्रांना सांगत होतो की माझा डेटा दोन ठिकाणी आहे.

केबलकाका

+१. हे फार जणांचं होतं, कबूल कमी जण करतात.

अवांतर: रेड (RAID) हा शब्द १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या शोधनिबंधातून रूढ झाला. त्यातल्या 'आय'चा अर्थ 'स्वस्त' असा होता: एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी बऱ्याच स्वस्त डिस्क. पुढे त्याचं 'स्वतंत्र' केलं गेलं. घरच्या सर्व्हरपुरता मूळ अर्थच बरा.

दोनबोटे

मी चार डिस्क घ्यायच्या विचारात आहे, प्रत्येकी ८ टेराबाइट. रेड ५ केलं (एका डिस्कइतकी जागा गेलेली डिस्क पुन्हा भरायच्या माहितीला) तर २४ टेराबाइट वापरता येतात, दोन मिरर केले तर १६. मग रेड ५ का नको?

पॅरिटीपंत

एक डिस्क गेली की नवी भरायला बाकी तिन्ही पूर्ण वाचाव्या लागतात. सेकंदाला १५० एमबी धरले तरी ८ टेराबाइटला जवळपास १५ तास, आणि सर्व्हर वापरात असेल तर आणखी. त्यातच दुसरी गेली तर सगळं गेलं. चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेतल्या असतील तर त्यांचं वयही एकच. पोराबाळांचे फोटो असतील तर रेड ६ करा. जागा तीच १६, पण कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी निभावतं.

केबलकाका

इतकं घाबरवू नका हो. 'दर १२.५ टेराबाइट वाचनामागे एक चूक' हा आकडा सगळे नाचवतात, पण ती उत्पादकाने लिहिलेली कमाल मर्यादा आहे. महिन्याला त्याहून जास्त वाचणारे स्क्रब माझ्याकडे बिनचूक पार पडतात. खरी अडचण वेगळीच: घरी १६ टेराबाइट भरेल इतकं असतं काय? दोनबोटे, आज तुमच्याकडे डेटा किती आहे?

दोनबोटे

अं... दीड टेराबाइट.

केबलकाका

मग चार डिस्क कशाला! त्या रात्रंदिवस फिरणार. सर्व्हरने ४० वॉट खाल्ले तर दिवसाला जवळजवळ एक युनिट. आणि वेगासाठी म्हणाल, तर गिगाबिट नेटवर्कमधून सेकंदाला ११० एमबीच्या आसपासच जातं. तेवढं एकटी डिस्क देते. दोन डिस्कचा मिरर करा आणि तिसरी नातेवाइकांच्या कपाटात ठेवा.

जुनाखोका

क्रम उलटा करा. आधी कपाटातली, मग मिरर. चोरी झाली किंवा वीज कडाडली तर एका खोक्यातल्या दोन्ही डिस्क एकदमच जाणार. मी झेडएफएस करून बघतो, पण दोन्ही डिस्क स्वतंत्र ठेवून, स्नॅपशॉट एकीवरून दुसरीवर पाठवत.

पॅरिटीपंत

चालेल. पण एकेकट्या डिस्कवर चेकसम चूक दाखवेल, आपोआप दुरुस्त करणार नाही. ती फाइल तुम्हालाच दुसरीवरून आणावी लागेल.

जुनाखोका

आणीन. महिन्यातून एकदा तेवढं जमेल.

सावकाशराव

धागा वाचून आत्ता स्मार्टचा (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तो) अहवाल काढला. एका डिस्कवर १९९ क्रमांकाचा आकडा ३१२ दिसतोय. फेकू का?

केबलकाका

थांबा, ते सीआरसीचे आहेत (डेटा येता-जाता झालेल्या चुका), म्हणजे बहुधा केबल. बदला आणि आठवडाभर बघा. तो आकडा खाली येत नसतो, फक्त वाढायचा थांबला पाहिजे. ५ (खराब म्हणून बदललेले सेक्टर) आणि १९७ (खराब असल्याचा संशय असलेले सेक्टर) वाढत असतील तर मात्र आजच प्रत काढा.

सावकाशराव

५ शून्य, १९७ शून्य. केबल शोधतो.