बोटीतून उतरून स्कॉटलंडमध्ये घालवलेला एक दिवस: तुमचेही अनुभव लिहा

रानजाई
आज आईची पोथी उघडली आणि पानांतून हेदरची, म्हणजे तिथल्या माळावरच्या जांभळ्या फुलांच्या झुडपाची, वाळकी डहाळी खाली पडली. ऑगस्ट 2018. आमची बोट उत्तर स्कॉटलंडच्या इन्व्हरगॉर्डन बंदराला लागली होती. आईचे गुडघे दुखायचे, पन्नास जणांच्या बसबरोबर पळापळ तिला झेपली नसती. म्हणून घरच्या पाच जणांसाठी दिवसभराची छोटी गाडी ठरवली. गाडी चालवणारा आणि माहिती सांगणारा माणूस एकच.

कलोडनच्या रणभूमीवर भुरभुर पाऊस होता. 16 एप्रिल 1746 ला इथे तासाभरात लढाई आटोपली आणि जॅकोबाइटांची, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने लढणाऱ्यांची, दीड हजाराच्या आसपास माणसं गेली. माळावर मेलेल्यांच्या सामाईक थडग्यांशी त्यांच्या कुळांच्या नावांचे दगड आहेत, ते 1881 मध्ये बसवलेले. एकावर नुसतंच ‘मिश्र कुळं’. आईने त्याचा अर्थ विचारून घेतला आणि म्हणाली, “म्हणजे यांच्या आयांना आपला दगड कुठला हे कळलंच नसणार.” मग बूट काढून मोज्यांनिशी त्या ओल्या गवतात उभी राहिली, हात जोडून. तो गडी काही बोलला नाही, तिच्या डोक्यावर छत्री धरून थांबला. गाडीत बसल्यावर त्याने हीटरचा झोत तिच्या पायांकडे वळवला. ही डहाळी त्यानेच दिलेली.

दर्यावर्दी
वेळेचं मी लिहितो. बोटीच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते, बाहेरून ठरवलेल्या गाडीसाठी थांबत नाही. लॉक नेस तळ्याहून परतताना पुढे अपघात झालेला, रांग हलेना. बायकोने डोळे मिटून जप सुरू केला. आमच्या वाटाड्या बाईंनी गाडी आडवाटेला घातली. एकेरी रस्ता, समोरून कुणी आलं की कडेच्या फुगवट्यात थांबायचं, हात करायचा, पुढे निघायचं. बोटीची शिडी उचलायच्या 20 मिनिटं आधी पोचलो! मागे वळून बघतो तर बाई धक्क्यावर हात हलवत उभ्या.

मेतकूट
रानजाई, डोळे भरून आले गं. एक विचारू? शाकाहारी लोकांनी खाल्लं काय? सासूबाई जाताहेत पुढच्या महिन्यात.

वऱ्हाडी_पाहुणा
कलोडनपासून जवळच क्लावा केर्न्स आहे, ते कुणीच कसं लिहिलं नाही? 4000 वर्षांपूर्वीची दगडी थडगी, भोवती उभ्या शिळांची वर्तुळं. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी मावळतीचं ऊन सरळ आतल्या खोलीत शिरतं. मी नागपूरचा. काटोल रोडवरच्या जुनापाणीची शिळावर्तुळं लहानपणापासून बघितलेली. फोनवर त्यांचे फोटो दाखवले, तर आमचा वाटाड्या मलाच प्रश्न विचारत बसला. अर्धा तास तिथेच गेला, पुढचा किल्ला बघायचा राहिला, पण चालतंय. बसवाल्यांनी थांबू दिलं असतं का?

क्लाइडकाठची
@मेतकूट, हॅगिस हा इथला मूळचा मांसाचा पदार्थ, पण शाकाहारी हॅगिसही मिळतं, ओट्स आणि डाळींचं, मिरपूड घातलेलं. बरोबर सलगम आणि बटाट्याचा लगदा. सासूबाईंना आवडेल. मी इथेच राहते, म्हणून सांगते, वाटाड्याकडे ब्लू बॅज, म्हणजे पात्र वाटाड्यांचा बिल्ला, आहे का ते विचारा. त्यासाठी रीतसर अभ्यास आणि परीक्षा असते. आणि मिजपासून सांभाळा!

मेतकूट
मिज म्हणजे डासच ना?

क्लाइडकाठची
डासांहून बारीक, चिलटांएवढे, पण चावरे. वारा असला की येत नाहीत. वारा पडला की गाडीत बसायचं.

पाऊलवाट
आमचं उतरणंच झालं नाही. बोट एडिनबराजवळच्या साउथ क्वीन्सफेरीपाशी नांगरली होती, तिथून छोट्या होड्यांनी किनाऱ्याला जायचं असतं. वारा वाढला, होड्या रद्द. गाडी ठरवलेली, आईने साडी नेसलेली. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले. दिवसभर कठड्याशी उभं राहून तो 1890 चा लाल रेल्वे पूल बघत होते, गाडी गेली की घड्याळात बघायचे. संध्याकाळी मला वेळापत्रक तोंडपाठ म्हणून दाखवलं.

दर्यावर्दी
वाईट वाटलं. पण बाबांचा दिवस सोन्याचा झाला म्हणायचा.

रानजाई
@पाऊलवाट, बाबांना माझा नमस्कार सांगा. लॉक नेसचं लिहायचं राहिलं. 37 किलोमीटर लांब, 230 मीटर खोल, आणि पीटच्या, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या, मातीमुळे पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. आईने ओंजळीत घेऊन बघितलं होतं.
@मेतकूट, सासूबाईंना मोज्यांचे दोन जोड जास्तीचे द्या.