सर्टिफिकेट रिन्यू करायला स्क्रिप्ट लावावी की हातानेच करावं?

दिवेलागण (धागा)

साइटचं सुरक्षा सर्टिफिकेट (ज्यामुळे ब्राउझर साइटला सुरक्षित मानतो ते) हाताने रिन्यू करणं सोडून द्यावं, असं माझं ठाम मत झालंय. का झालं ते सांगतो, पटलं नाही तर जरूर भांडा.

मी एका छोट्या संस्थेची साइट सांभाळतो. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था मोफत सर्टिफिकेट देते, ते ९० दिवस चालतं. दीड वर्ष मी ते हातानेच घेत होतो. कॅलेंडरमध्ये नोंद करायची, सर्व्हरवर लॉगिन व्हायचं, कमांड चालवायची, ती सांगेल ती छोटी फाइल साइटच्या डॉट-वेल-नोन फोल्डरमध्ये ठेवायची (डोमेन आपलंच आहे याचा तो पुरावा), पडताळणी झाली की नव्या फायली जागेवर टाकून एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रिलोड करायचा. वीस मिनिटांचं काम, आणि सहा वेळा ते बिनबोभाट पार पडलं. सातव्या वेळी मी तापाने अंथरुणात होतो. रविवारी सकाळी फोन आला, "साइट उघडत नाहीये, धोका आहे असं काहीतरी लिहून येतंय." वर एचएसटीएस लावलेलं (सुरक्षित जोडणीशिवाय साइट उघडूच नको असं ब्राउझरला बजावणारं), त्यामुळे 'तरीही पुढे जा' ही वाटसुद्धा ब्राउझर देत नव्हता. साइट साफ बंद.

तेव्हापासून ॲकमी डॉट एसएच ही स्क्रिप्ट लावली आहे. शुद्ध शेलमध्ये (सर्व्हरच्या कमांडच्या भाषेत) लिहिलेली, पायथनसुद्धा लागत नाही. क्रॉनमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या वेळापत्रकात, एक ओळ, रोज एकदा चालते, वेळ झाली असेल तरच नवं सर्टिफिकेट आणते.

आणि ही काही आडवाट नाही. लेट्स एन्क्रिप्ट २०१५ साली सुरू झालं तेच यंत्राने यंत्राशी बोलावं या विचाराने. त्या बोलण्याची रीत म्हणजे ॲकमी, २०१९ पासून ती आरएफसी ८५५५ या इंटरनेट-मानकाच्या रूपात प्रमाण आहे. मुदत संपत आल्याची ईमेल पाठवणंसुद्धा त्यांनी जून २०२५ मध्ये बंद केलं. मेलच्या भरवशावर हाताने करणाऱ्यांचा तो आधारही गेला.

---

काटेकोर

असहमत. तुमचा रविवार वाईट गेला हे खरं, पण त्यावरचा उपाय जास्त जोखमीचा आहे.

ॲकमी डॉट एसएच बसवताना बहुतेक जण काय करतात? कर्ल कमांडने नेटवरून ओढलेली स्क्रिप्ट न वाचता थेट शेलमध्ये ओततात, तीही रूट म्हणून, म्हणजे मशीनवरचे सगळे अधिकार देऊन. हजारो ओळी आहेत, किती जणांनी वाचल्या असतील? जून २०२३ मध्ये काय झालं ते आठवा. हायसीए नावाचा एक सर्टिफिकेट देणारा 'फक्त ॲकमी डॉट एसएचच वापरा' असा आग्रह धरत होता. कोणीतरी खोलात जाऊन पाहिलं तेव्हा कळलं, की तो सर्व्हरच्या उत्तरात कमांड घुसवत होता आणि स्क्रिप्ट त्या वापरणाऱ्याच्या मशीनवर चालवत होती. भोक बुजवलं गेलं, पण ते कितीतरी मशीनांवर उघडंच पडलेलं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये याच स्क्रिप्टने नव्या सर्टिफिकेटसाठी आपोआप निवडला जाणारा पुरवठादार लेट्स एन्क्रिप्टवरून झिरोएसएसएल केला. जाहीर करून केला, मान्य. पण स्वयंचलित अपडेट लावून निवांत बसलेल्यांपैकी किती जणांना त्याचा पत्ता होता?

दुसरी गोष्ट डीएनएसची, म्हणजे डोमेनचं नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं त्या नोंदींची. वाइल्डकार्ड सर्टिफिकेट (सगळ्या उपडोमेनांना मिळून एकच) हवं तर लेट्स एन्क्रिप्टकडे डीएनएस पडताळणीशिवाय गत्यंतर नाही. त्यासाठी डीएनएसच्या नोंदी बदलू देणारी एपीआयची किल्ली स्क्रिप्टला द्यावी लागते, आणि ती अकाउंट डॉट कॉन्फ या फाइलमध्ये साध्या अक्षरांत पडून राहते. कित्येक पुरवठादारांकडे ही किल्ली खात्यातल्या सगळ्या डोमेनांना चालते. ती चोरणारा तुमचे एमएक्स रेकॉर्ड (ईमेल कुठे जावी याच्या नोंदी) बदलून टपाल आपल्याकडे वळवू शकतो.

सर्टिफिकेट संपलं तर साइट एक दिवस बंद. डीएनएसची किल्ली गेली तर अख्खं डोमेनच दुसऱ्याच्या हातात.

---

दिवेलागण

हायसीएचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर सारवासारव करणार नाही. पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधताय. स्वयंचलित करणं वेगळं, आणि न वाचलेली मोठी स्क्रिप्ट रूट म्हणून चालवणं वेगळं.

मोठी नको असेल तर ॲकमी-टायनी घ्या. पायथनची एक फाइल, २०० ओळींच्या आत, कारण वापरणाऱ्याने ती वाचावी हाच तिचा हेतू आहे. चहा संपेपर्यंत वाचून होते. साइटची खाजगी किल्ली तिला द्यावीच लागत नाही, सीएसआर, म्हणजे सर्टिफिकेटच्या मागणीची फाइल, आधीच बनवून ठेवायची. तिच्या हाती फक्त लेट्स एन्क्रिप्टच्या खात्याची किल्ली आणि पडताळणीची फाइल ठेवायच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी. वेगळा युजर करा, रूट नको. वेब सर्व्हर रिलोड करायला सुडोमध्ये (रूटचे अधिकार उसने देणारी सोय) त्या एकाच कमांडची मुभा पुरते.

वाइल्डकार्डही बहुतेकांना लागत नाही. तीन-चार उपडोमेनांची नावं एकाच सर्टिफिकेटमध्ये बसतात आणि पोर्ट ८० वरून, म्हणजे साध्या एचटीटीपीने, पडताळणी होते. डीएनएसच्या किल्लीचा प्रश्नच उरत नाही.

---

निवांत

एवढा खटाटोप कशाला? पैसे भरून वर्षाचं सर्टिफिकेट घ्यायचं, वर्षातून एकदा हाताने टाकायचं.

---

दिवेलागण

वर्षाचं आता मिळणारच नाही, निवांत. ब्राउझरवाले आणि सर्टिफिकेट देणारे यांच्या सीए-ब्राउझर फोरमने एप्रिल २०२५ मध्ये ठराव केला. ३९८ दिवसांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवसांवर, मार्च २०२७ पासून १०० वर आणि मार्च २०२९ पासून ४७ वर. पैसे भरलेल्या सर्टिफिकेटलाही हाच नियम लागू. ४७ दिवस म्हणजे वर्षातून आठ-नऊ वेळा. शिवाय डोमेन तुमचंच आहे ही पडताळणी तेव्हा जेमतेम १० दिवस जुनी चालेल.

---

मोजपट्टी

तुम्ही दोघं ज्यावर भांडताय त्याच्या पुढची एक पायरी आहे, आणि माझं नुकसान तिथे झालं. नीट सांगते.

आमच्याकडे स्क्रिप्ट होती, क्रॉन चालू होतं, लॉगमध्ये 'यशस्वी' लिहिलेलं होतं. तरीही साइट पडली. फोल्डर उघडून पाहिला तर नवं सर्टिफिकेट तिथे होतं, चांगलं महिन्याभरापूर्वीचं. वेब सर्व्हर मात्र मेमरीतलं जुनंच दाखवत बसला होता, कारण फायली बदलल्यावर त्याला रिलोड करायला कोणी सांगितलंच नव्हतं. आमची स्क्रिप्ट मुदतीच्या तीस दिवस आधी रिन्यू करायची, त्यामुळे चूक झाली त्या दिवशी काहीच दिसलं नाही. ती दिसली बरोबर तीस दिवसांनी, जेव्हा त्या सेटिंगला आपण हात लावला होता हेसुद्धा कोणाच्या लक्षात नव्हतं. रात्री मी लॉग तीनदा वाचला, प्रत्येक ओळ बरोबर होती.

ॲकमी डॉट एसएचमध्ये यासाठी इन्स्टॉल-सर्ट हा वेगळा आदेश आहे. फायली कुठे ठेवायच्या आणि त्यानंतर कोणती रिलोड कमांड चालवायची हे त्यात एकदा सांगितलं की ती पुढे लक्षात ठेवते. घाईत लोक तो टाळतात आणि एनजिनएक्सला थेट स्क्रिप्टच्या आतल्या फोल्डरचा पत्ता देतात. आम्ही तेच केलं होतं. सर्टबॉट या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये हेच काम डिप्लॉय-हुक करतो.

म्हणून माझं मत असं: डिस्कवरची फाइल तपासून उपयोग नाही. दुसऱ्या मशीनवरून ओपनएसएसएलच्या एस-क्लायंट कमांडने साइटला जोडायचं, समोरून जे सर्टिफिकेट येतं त्याची अखेरची तारीख वाचायची, वीस दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर स्वतःला मेल. तीसला रिन्यू व्हायला हवं होतं आणि वीस उरलेत, म्हणजे दहा दिवस काहीतरी अडलंय आणि हाताशी अजून वीस आहेत. मशीन दुसरंच हवं. त्याच सर्व्हरचं क्रॉन मेलं तर त्यावरची तपासणीही त्याच्यासोबत मरते.

मुदत कमी होत जाईल तसे हे आकडेही बदलावे लागतील. आणखी एक, बाहेरून तपासताना मधलं सर्टिफिकेट (तुमच्या सर्टिफिकेटला देणाऱ्याच्या मूळ सर्टिफिकेटशी जोडणारं) येतंय का तेही बघा. दोन्ही एकत्र असलेल्या फुलचेन फाइलऐवजी नुसती सर्ट फाइल दिली तर तुमच्या ब्राउझरला बहुधा काही खटकत नाही, आणि मोबाइल ॲपवाले मात्र तक्रार करत राहतात.

---

काटेकोर

मोजपट्टी, हे वाचून माझा मुद्दा आणखी पक्का झाला. हाताने करणारा माणूस रिलोड करून लगेच ब्राउझरमध्ये तारीख बघतो. स्क्रिप्ट बघत नाही. तुमचा तीस दिवसांचा अंधार यंत्रानेच तयार केला.

---

मोजपट्टी

तो माणूस अंथरुणात नसेल तर बघतो. धाग्याची सुरुवातच तिथून झाली आहे.

---

नवशिका

मध्येच विचारतो, माफ करा. काल स्क्रिप्ट लावून बघत होतो, चार-पाच वेळा चुकली आणि आता लेट्स एन्क्रिप्ट नकारच देतंय. कायमचं बंद केलं का मला?

---

दिवेलागण

नाही, घाबरू नका. एका खात्यावरून एका नावाची पडताळणी तासाभरात पाच वेळा फसली की थोडं थांबावं लागतं. नेमक्या त्याच नावांचं सर्टिफिकेट आठवड्यात पाच वेळा घेतलं तरी अडवतात. सराव नेहमी स्टेजिंगवर, म्हणजे त्यांच्या चाचणीच्या सर्व्हरवर, करा. तिथल्या मर्यादा बऱ्याच सैल आहेत, फक्त तिथलं सर्टिफिकेट ब्राउझर मानत नाही. आधी एवढं बघा, पोर्ट ८० बाहेरून उघडं आहे ना? फायरवॉलमध्ये फक्त ४४३ (एचटीटीपीएसचं पोर्ट) उघडून पडताळणीची वाट बघणारे बरेच असतात.

---

लोहारकाम

काटेकोर यांच्या बाजूने एक भर. सगळं काही वेब सर्व्हर नसतं. माझ्याकडे जुनी उपकरणं आहेत ज्यांच्यात सर्टिफिकेट टाकायचा एकच मार्ग आहे: त्यांचं पान उघडा, फाइल निवडा, बटण दाबा. तिथे कोणती स्क्रिप्ट लावणार? आणि आतल्या मशीनांसाठी सार्वजनिक सर्टिफिकेट घेतलं की त्यांची नावं ट्रान्सपरन्सी लॉगमध्ये, म्हणजे दिलेल्या सर्टिफिकेटांच्या जाहीर नोंदवहीत, जातात, जगात कोणीही शोधू शकतो. आमच्या चाचणीच्या सर्व्हरचं नाव असंच बाहेर गेलं आणि दोनच दिवसांत त्यावर अनोळखी टकटक सुरू झाली.

---

मोजपट्टी

उपकरणांचं पटलं. जमलं तर त्यांच्यापुढे एक रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरची जोडणी घेऊन आत पोचवणारा सर्व्हर) ठेवा आणि सर्टिफिकेट त्याला द्या. आतली नावं आतच ठेवायची असतील तर स्वतःचा खाजगी सीए (सर्टिफिकेट देणारा) बरा. सार्वजनिक सर्टिफिकेटची तिथे गरजच नाही.

---

दिवेलागण

हाताने करणाऱ्यांनी एका प्रसंगाचा विचार करावा, मुदतीशी त्याचा काही संबंध नाही. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्टच्या सीएए तपासणीत, म्हणजे या डोमेनला सर्टिफिकेट द्यायची आपल्याला मुभा आहे का ते बघण्यात, चूक सापडली. सुमारे ३० लाख सर्टिफिकेटं रद्द करायची वेळ आली आणि लोकांना हातात मिळाले जेमतेम काही दिवस. शेवटी साइट मोडू नयेत म्हणून त्यातली बरीच रद्द न करता ठेवावी लागली. उद्या पुन्हा असं झालं आणि तुमच्याकडे चाळीस नावं असतील, तर कॅलेंडरमधली नोंद काय करणार? एआरआय नावाची सोय आता आहे, तिच्यात सर्टिफिकेट देणाराच क्लायंटला कळवतो की आता लवकर बदला. ते विचारायला रोज चालणारं काहीतरी हवंच ना.

---

काटेकोर

२०२० चा मुद्दा मी धरला नव्हता. तो वजनदार आहे.

तरी मोठी स्क्रिप्ट रूट म्हणून चालवायला माझा विरोध आहे आणि राहील. आज दुपारी ॲकमी-टायनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. आक्षेप घ्यावा असं काही सापडलं नाही. एका कमी महत्त्वाच्या साइटवर वेगळ्या युजरने लावली आहे, सुडोमध्ये एकच ओळ, आपोआप अपडेट काही नाही. नवी आवृत्ती आली तर फरक वाचूनच बदलणार. डीएनएसची किल्ली सर्व्हरवर ठेवणार नाही. जिथे वाइल्डकार्ड लागेलच, तिथे पडताळणीची डीएनएस नोंद सीनेमने (एका नावावरून दुसऱ्याकडे बोट दाखवणारी नोंद) वेगळ्या, रिकाम्या डोमेनकडे वळवणार, म्हणजे किल्ली गेली तरी त्या रिकाम्या डोमेनचीच जाईल.

मोजपट्टी, तुमची बाहेरून तपासायची पद्धत घरच्या मशीनवरून चालू केली. पहिल्याच फेरीत एक उपडोमेन सापडलं, जे मी मागच्या वेळी हाताने रिन्यू करताना विसरलो होतो. अकरा दिवस उरले होते.

---

मोजपट्टी

वीसची मर्यादा ठेवलीत ना? मग उरलेली नावंही त्याच यादीत आजच टाका.