आधी कोड एक करा, सॉफ्टवेअर नंतर

निर्वासितांच्या छावण्यांत काम करणाऱ्या सगळ्या मदतसंस्थांनी आरोग्याच्या नोंदींसाठी एकच सॉफ्टवेअर वापरलं की आकडे न जुळण्याचा प्रश्न मिटला, असं काही जण म्हणतात, मला नाही पटत. ओस्लो विद्यापीठाचं डीएचआयएस-२ हे आरोग्याची आकडेवारी गोळा करायचं सॉफ्टवेअर कितीतरी देशांच्या आरोग्य खात्यांत चालतंय, पण मदतीला येणारी टीम आपली एक्सेल शीट घेऊनच येते आणि घोळ तिथे होतो, एकाच गावाचं नाव तीन स्पेलिंगने, वय कुठे महिन्यांत तर कुठे नुसतं 'पाच वर्षांखालील', मग गोवराचा तोच रुग्ण दोनदा मोजला जातो आणि लस भलत्याच छावणीत जाते. आधी ठिकाणांचे कोड जुळवा, संयुक्त राष्ट्रांचे पी-कोड, म्हणजे प्रत्येक ठिकाणाला दिलेला एक ठरलेला कोड, त्यासाठीच आहेत ना. आणि प्लीज, शेअर करायच्या फाइलमध्ये निर्वासितांची नावं नकोत, चुकीच्या हातात पडली तर त्यांच्या जिवावर बेततं.