मदत हवी आहे: बार्सिलोनाशी तुलनेसाठी कोणतं शहर घ्यावं?

एम.ए. भूगोलाचा प्रकल्प आहे: बार्सिलोना जगभरच्या पर्यटकांचं शहर कसं झालं. जो तो 1992 च्या ऑलिंपिककडे बोट दाखवतो. तथ्य आहेच त्यात. त्या निमित्ताने कारखान्यांनी आणि रेल्वेरुळांनी अडवलेला किनारा मोकळा झाला, शहराला पुळणी मिळाल्या. पण वास्तुविशारद गौदीच्या इमारती आणि शहररचनाकार सेर्दाचा 1859 चा शहराचा चौकोनी आराखडा तर आधीपासूनच होते. स्वस्त विमानं मात्र नंतर आली. मग श्रेय ऑलिंपिकला किती द्यायचं?

अथेन्सशी (2004) तुलना करून पाहिली, जमली नाही. अॅक्रोपोलिस (टेकडीवरची प्राचीन मंदिरं) बघायला लोक आधीही जातच होते, आणि ऑलिंपिकनंतर चारच वर्षांत जागतिक मंदी आली. कशाचा परिणाम कुठला, कळेना. आता इटलीतलं जेनोवा डोक्यात आहे: तिथेही 1992 मध्येच कोलंबस एक्स्पो (कोलंबसच्या नावाचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन) झाला, वास्तुविशारद रेंझो पियानोने जुनं बंदर नव्याने उभं केलं, तरी बार्सिलोनाइतकं नाव झालं नाही.

मर्यादा: 15 पानं, आणि मला स्पॅनिश-इटालियन येत नाही. पर्यटकांच्या गर्दीविरुद्धची आंदोलनं मुद्दाम बाहेर ठेवली आहेत (प्रकल्पाचे गाईड म्हणाले, तो वेगळा प्रबंध होईल).

जेनोवाची तुलना टिकेल, की 2013 ची युरोपीय सांस्कृतिक राजधानी (युरोपीय संघाचा वर्षभराचा मान) ठरलेलं फ्रान्समधलं मार्सेय जास्त योग्य? आणि का?